बाळंतिणीखालचे ते प्लास्टिक आणि आफ्रिकेतील संशोधन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मागील अंकात लिहिताना आफ्रिकेतील चार देशांमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावरून खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून पत्रे आली. तिकडच्या बायकांवर झालेल्या संशोधनाचा इकडच्या लेकीसुनांशी काय संबंध, असा बहुतेकांचा सूर होता. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे, त्यांच्याच इच्छेनुसार, दिलेली नाहीत.

खानापूर तालुक्यातील एक सासूबाई लिहितात: "माझ्या सुनेच्या बाळंतपणात तिच्या कमरेखाली पिशवी जोडलेले प्लास्टिक अंथरले होते आणि नर्सबाई सारख्या त्या पिशवीकडे बघत होत्या. विचारल्यावर, हे आफ्रिकेत सिद्ध झाले आहे, असे सांगितले. दूषित रक्त गेलेलेच बरे, असे आम्ही ऐकत आलो. मग ते मोजायचे कशाला?"

काकू, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाळंतपणानंतर थोडे रक्त जाणे स्वाभाविक आहे, पण ते दूषित नसते. सुनेच्या हातापायांत खेळणारे रक्तच ते असते. वार सुटली की ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भाशय मुठीसारखे आवळले गेले तरच त्या दाबल्या जाऊन बंद होतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. ते सैल राहिले तर धडधाकट बाईचा जीवही तासा-दोन तासांत धोक्यात येतो, आणि आपल्याकडे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे.

रक्त मोजायचे ते यासाठी. साधारणपणे ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले की तो अतिरिक्त रक्तस्राव मानतात, परंतु रक्त कपड्यात मुरते, पाण्यात मिसळते, खाली सांडते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी घेतलेला अंदाज चुकतो आणि तो बहुधा कमीच धरला जातो. मी शिकत असताना आम्ही सगळे असाच अंदाज लिहीत होतो, आणि तो बरोबरच आहे अशी आमची खात्री असे.

आता त्या प्लास्टिकचे मूळ सांगते, कारण ते कळल्यावर तुम्हाला बरे वाटेल. २००२ ते २००५ या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील संशोधकांसह एक अभ्यास केला. त्यात १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना बाळ जन्मल्याबरोबर मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या आणि उरलेल्या निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. त्या देणाऱ्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर नव्हत्या, तर गावात बाळंतपण करणाऱ्या सहायक परिचारिका होत्या. अतिरिक्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर उतरले. गोळीला थंड पेटी लागत नाही, सुई लागत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ती आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. या अभ्यासात रक्त नेमके मोजता यावे म्हणून खाली निमुळती होत जाणारी, मापाच्या रेघा आखलेली पिशवी जोडलेले प्लास्टिक वापरले गेले, आणि ते बेळगावच्या कामातूनच घडले. त्याची नजरेच्या अंदाजाशी तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी भरला.

त्याच कल्पनेचे प्लास्टिक पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांमध्ये बाळंतिणींखाली अंथरले गेले. दोन लाखांहून अधिक बाळंतपणे त्या अभ्यासात होती आणि त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नुसते मोजून थांबले नाहीत. पूर्वी एक उपाय करायचा, वाट पाहायची, उतार नसला तर दुसरा करायचा, अशी रीत होती. या अभ्यासात रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणे, ते आवळणारे औषध, रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त कोठून येते याची तपासणी हे सारे एकदमच सुरू करायचे असे ठरले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण नेहमीची पद्धत चालू असलेल्या रुग्णालयांत ४.३ टक्के होते, तर नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के राहिले. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांऐवजी ९३ टक्के झाले, आणि माझ्या मते खरा फरक येथेच पडला. औषधे दोन्हीकडे होती. वेळेवर कळत नव्हते.

तेव्हा काकू, नर्सबाई पिशवीकडे बघत होत्या याचा अर्थ त्या सुनेकडेच बघत होत्या. तुमचे गाव जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे असेल आणि पावसाळ्यात ओढ्यापलीकडे गाडी येत नसेल, तर पुढच्या वेळी तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच सुनेला रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवावे, आणि बाळंतपणानंतर किमान चोवीस तास घरी नेण्याची घाई करू नये.

निपाणीचे एक निवृत्त शिक्षक विचारतात: "माणसाचे शरीर सर्वत्र सारखेच आहे. मग एका देशात सिद्ध झालेले औषध दुसऱ्या देशात पुन्हा तपासण्यात वेळ आणि पैसा का घालवावा?"

गुरुजी, शरीर सारखे असते हे खरे. बाळंतपण मात्र नुसत्या शरीरात होत नाही; ते एका घरात, एका रस्त्यावर, एका दवाखान्यात होत असते. एका औषधाची हकीकत सविस्तर सांगते.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती लवकर पक्व होतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले. श्रीमंत देशांत या इंजेक्शनाने असंख्य बाळे वाचली. मग तेच औषध खेड्यापाड्यांत पोहोचवले तर तेथेही बाळे वाचतील, असे कोणालाही वाटेल. हे तपासण्यासाठी झांबिया, केनिया, पाकिस्तान, ग्वाटेमाला, अर्जेंटिना आणि भारतात बेळगाव व नागपूर येथे जवळजवळ एक लाख जन्मांवर आधारलेला अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला आणि अनेकांना धक्का बसला. लहान बाळांना फायदा दिसला नाहीच, उलट ज्या भागांत इंजेक्शनाचा प्रसार केला तेथे एकूण नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २७.४ निघाले, तर ज्या भागांत तो केला नाही तेथे ते २३.९ होते. मातांमध्ये संसर्गाची शंका येण्याचे प्रमाणही वाढले होते.

असे का झाले, यावर पुष्कळ चर्चा झाली. एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, ती म्हणजे किती महिने भरले आहेत हेच अनेक ठिकाणी नक्की माहीत नव्हते. पाळीची तारीख आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नाही, पोटाच्या उंचीवरून अंदाज बांधलेला. अशा स्थितीत ज्या बाळांना औषधाची गरजच नव्हती, अशा कितीतरी बाळांच्या आयांना ते दिले गेले. शिवाय जन्मलेल्या कच्च्या बाळाला ऊब, प्राणवायू आणि संसर्गापासून संरक्षण देणारी सोय जवळ नव्हती.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा अभ्यास केला, तो भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत. या वेळी महिने सोनोग्राफीने निश्चित केले होते आणि बाळाची काळजी घेण्याची सोय रुग्णालयात होती. २,८५२ स्त्रियांच्या या अभ्यासात इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात मृत्यूंचे प्रमाण १९.६ टक्के राहिले, दुसऱ्या गटात ते २३.५ टक्के होते. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

औषध तेच होते, गुरुजी, आणि स्त्रियाही त्याच खंडांतल्या होत्या. भोवतालची व्यवस्था बदलली आणि निकाल उलटा झाला. अथणीच्या एखाद्या उपकेंद्रातील परिस्थिती लंडनच्या रुग्णालयापेक्षा झांबियातील खेड्याच्या अधिक जवळची असू शकते, आणि म्हणूनच तेथील संशोधन आपण फार लक्षपूर्वक वाचायला हवे असे मला कळकळीने वाटते. तुमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरी एवढे मात्र सांगा की पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नये आणि तिचा कागद ताई कार्डासोबत, म्हणजे गरोदरपणातील तपासण्यांच्या सरकारी कार्डासोबत, जपून ठेवावा. नवव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीने महिने नीट ठरत नाहीत.

चिकोडीहून पहिलटकरीण असलेल्या एका ताईंचा प्रश्न: "मला दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी ॲस्पिरिनची बारीक गोळी सुरू केली आहे. घरचे म्हणतात, ती हृदयविकाराची गोळी आहे. घेऊ का?"

ती कमी मात्रेची गोळी रक्तदाबाच्या गुंतागुंतीपासून संरक्षण म्हणून गरोदरपणात दिली जाते. पहिलटकरणींमध्ये ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन पहिल्या तिमाहीत सुरू करून पाहणारा मोठा अभ्यास काँगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया, झांबिया, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारतात झाला. भारतातील केंद्रे बेळगाव आणि नागपूर होती. सुमारे १२ हजार स्त्रियांच्या त्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या जन्मांचे प्रमाण १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के दिसले. तुम्हाला दमा, पोटातील व्रण, रक्तस्रावाचा आजार किंवा या औषधाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. तसे काही नसेल तर त्यांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत गोळी नियमित घ्या. शेजारणीला मात्र तुमच्यातली गोळी देऊ नका.

एक आशा कार्यकर्ती लिहितात: "काही वर्षांपूर्वी आमच्या भागात गरोदर बायकांचा बीपी घरोघरी मोजण्याचा अभ्यास झाला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही, असे नंतर ऐकले. मग आमचे पाय फुकट झिजले का?"

तुमच्या प्रश्नातील वेदना मला कळते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तो अभ्यास बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांप्रमाणेच मोझांबिकच्या मापुटो व गाझा प्रांतांत आणि पाकिस्तानातही झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोबाइलमधील साधनाच्या मदतीने धोका ओळखायचा, गरज असल्यास रक्तदाबाची गोळी आणि झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन रुग्णालयात पाठवायचे, अशी ती योजना होती. तिन्ही देशांतील सुमारे ६९ हजार गरोदरपणांची माहिती २०२० मध्ये एकत्र मांडली गेली तेव्हा माता व बाळांचे मृत्यू आणि गंभीर आजार यांत एकंदर घट दिसली नाही, हे खरे आहे. परंतु ज्या स्त्रियांच्या घरी आठ किंवा अधिक भेटी झाल्या त्यांचे परिणाम अधिक चांगले दिसले. अशा तुलनेला पक्का पुरावा म्हणता येत नाही, तरी ती दुर्लक्षिण्यासारखीही नाही.

मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्येच ३३ देशांतील दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासात सिद्ध झाले आहे. औषधात उणीव नाही. घरी धोका ओळखला, पण पुढच्या रुग्णालयात खाट, डॉक्टर किंवा रक्त मिळाले नाही, तर ओळखण्याचा उपयोग तेथेच संपतो. तुमचे पाय जेथपर्यंत पोहोचले तेथपर्यंतचे काम तुम्ही केले, पुढचा रस्ता तुमच्या हातात नव्हता. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली बरगडीशी दुखणे, तोंड सुजणे, यांपैकी काहीही आढळले तर आजही बीपी मोजा आणि १०८ला फोन करा.

बेळगाव शहरातील एक वाचक ताई लिहितात: "प्रसूतीच्या खोलीत मला ओरडले गेले, मांडीवर चापट बसली. आईला बाहेर बसवले होते. डॉक्टर म्हणाल्या, असे केल्याशिवाय बायका जोर लावत नाहीत. हे सगळीकडे असेच असते का?"

ताई, तुमच्याशी जे वागले गेले ते चुकीचे होते, आणि ते कोणत्याही वैद्यकीय कारणाने योग्य ठरत नाही. एवढे आधी सांगून मग प्रश्नाकडे येते.

अनेक ठिकाणी असे होते, आणि ते मोजण्याचे धाडस प्रामुख्याने आफ्रिकेतील संशोधकांनी दाखवले याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. घाना, गिनी आणि नायजेरिया येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने निरीक्षक प्रसूतीच्या खोल्यांत प्रत्यक्ष बसले आणि काय घडते ते टिपत राहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निरीक्षण केलेल्या २,०१६ स्त्रियांपैकी ८३८ जणींना मारहाण, अपशब्द किंवा भेदभाव यांपैकी काहीतरी सोसावे लागले होते. बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटे या वेळात ते सर्वाधिक घडत होते. वयाने लहान आणि कमी शिकलेल्या स्त्रियांच्या वाट्याला ते अधिक आले.

ज्या वेळी बाई सर्वांत असहाय असते, त्याच वेळी तिच्यावर हात उचलला जातो, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नव्हते. सोबतीला घरची बाई असणे हा यावरचा एक साधा उपाय आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतील प्रसूतीच्या खोलीत सोबतीण असावी हे नमूद आहे. पुढच्या वेळी तुमच्या आईला आत राहू द्यावे असे आधीच, नाव नोंदवतानाच, सांगा. झाल्या प्रकाराची लेखी तक्रार रुग्णालयाच्या प्रमुखांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते. पत्र लिहिण्यास मदत हवी असल्यास मला कळवा.

खानापूर तालुक्यातीलच एक गृहस्थ विचारतात: "माझ्या पत्नीला एका अभ्यासात घ्यायचे म्हणून कागद दिला. तो कानडीत होता. तिला मराठीच वाचता येते. मी सही करून टाकली. पुढे काही त्रास होईल का? गरीब देशांतल्या बायकांवरच असे प्रयोग का होतात?"

पहिली गोष्ट, तुमची सही तिची संमती ठरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना आणि औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९चे नियम, दोन्हींनुसार माहिती त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते आणि संमती तिने स्वतः द्यायची असते. घरच्यांशी बोलून ठरवायला हरकत नाही, पण नवऱ्याची किंवा सासूची परवानगी तिच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सर्व वाचून दाखवून अंगठा घ्यावा लागतो. मराठीतील कागद मागणे ही सीमेच्या वादातील मागणी नाही. ज्या बाईच्या शरीरात औषध जायचे तिला ते काय आहे हे कळण्याचा तो हक्क आहे. सीमाभागात हा हक्क कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत पाळला गेला पाहिजे, आणि तो मागताना तुम्ही संकोच करू नये.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नामागे खरा इतिहास आहे. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण झिडोव्हुडिन या औषधाने २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. ती उपचारपद्धती महाग आणि लांबलचक होती. म्हणून आफ्रिकेतील काही देशांत आणि थायलंडमध्ये लहान मुदतीचे उपचार तपासले गेले, परंतु त्यांतील अनेक अभ्यासांत निम्म्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी दिली होती. लागण रोखणारे औषध माहीत असताना असे करावे का, यावरून १९९७ मध्ये जगभर वाद पेटला. पुढे १९९९ मध्ये युगांडातील कंपाला येथील अभ्यासात दोन औषधांची एकमेकांशी तुलना केली गेली, आणि आईला कळांच्या वेळी नेव्हिरॅपिनची एक गोळी व बाळाला एक मात्रा दिल्याने लागण २५.१ टक्क्यांऐवजी १३.१ टक्क्यांवर राहिली. त्या स्वस्त उपायाने भारतातील बाळेही वाचली. आपल्या जिल्ह्यातील मिसोप्रोस्टॉलच्या अभ्यासातही निम्म्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी मिळाली होती. घरच्या बाळंतपणात तेव्हा असे कोणतेही औषध नियमाने दिले जात नव्हते, हे त्याचे समर्थन आहे. मला ते बव्हंशी पटते, पूर्णपणे पटते असे म्हणणार नाही.

आता काय करायचे ते सांगते. पत्नीला सोबत घेऊन पुन्हा जा आणि मराठीत समजावून सांगा असे म्हणा. गोळी कसली आहे, ती नाही घेतली तर नेहमीचे उपचार मिळतील ना, त्रास झाल्यास खर्च कोण करणार, हे तिने स्वतः विचारावे. ती कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या उपचारांत काही कमी करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळाले पाहिजेत. संमतीपत्राची एक प्रत ताई कार्डाच्या पिशवीतच ठेवा. त्या प्रतीवर, संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिक समितीचा संपर्क क्रमांक छापलेला असतो. तो छापलेला नसेल, किंवा त्या क्रमांकावर कोणी फोन उचलत नसेल, तर पत्नीने सही करू नये, आणि मला लगेच लिहावे.